खाली बसवलेली मूठ

खोलीत एक छोटा पलंग होता, बांधाबांध झालेल्या तीन बॅगा, खिडकीत दोन पासपोर्ट आणि दारामागे लहान पायांच्या चपलांचे तीन जोड. तिन्ही जागेवर. पाच वर्षांची मुलगी मात्र काल सकाळपासून नव्हती.

टेपबाईने सगळं दोनदा मोजलं. ती खासगी गुप्तहेर. पाटीवर तिचं नाव वेगळं होतं, पण कमरेला कायम मोजपट्टी लटकलेली, म्हणून लोक तिला टेपबाईच म्हणत. चपला इथेच, म्हणजे पोरीला कोणीतरी कडेवर नेलं होतं. आणि शेजारपाजारी कोणी रडणं ऐकलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मुलीची आई मोबाइल घट्ट धरून बसली होती. शेजारी तिचा थोरला भाऊ, धंद्याने सुतार. मोबाइलवर अनोळखी नंबरावरून एक फोटो आला होता. रंग न दिलेल्या दाराला टेकून मुलगी उभी. खाली एकच ओळ : पोलिसांत गेलात तर मुलगी विसरा.

"मागणी काय आहे?" टेपबाईने विचारलं.

"काहीच नाही," आई म्हणाली. "परवा आम्ही दोघी निघणार होतो. परदेशातली नोकरी... आता कसली नोकरी!"

टेपबाई फोटोकडे बघत राहिली. दाराची मूठ मुलीच्या छातीशी होती. एरवी कुठल्याही दाराची मूठ या वयाच्या मुलीच्या डोळ्यांवर येते. तिने पट्टी ओढली आणि समोरच्या दाराची मूठ मोजली. सत्तर सेंटीमीटर.

"बाई, माझ्या पोटावर पाय देताय की काय?" मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "दारं मोजून पोर सापडते होय?"

"सवय आहे हो. हात रिकामा राहिला की डोकं चालत नाही," ती म्हणाली आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. आई मोबाइल घेऊन मागोमाग आली.

तिथल्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. सगळ्यात वरची रविवारची, एकशे दोन सेंटीमीटर. टेपबाईने त्या उंचीवरून फोटोतल्या मुठीचा हिशेब केला आणि पुन्हा केला. दोन्ही वेळा सत्तरच.

"या घरातल्या मुठी इतक्या खाली का?"

"दादाने बसवल्या. पोरगी चालायला लागली तेव्हा. म्हणाला, माझ्या भाचीला दार उघडायला कोणाची मनधरणी करायला लागू नये."

"अशा आणखी कुठे बसवल्यात?"

"छे! गिऱ्हाईक वेड्यात काढेल त्याला."

टेपबाईने फोटोतल्या मुठीवर बोट ठेवलं.

आईने पाहिलं. आधी तिला काहीच कळलं नाही. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला आणि तिने ओट्याची कड धरली. "नाही," ती म्हणाली. "काल रात्रभर तो माझ्याजवळ बसून होता. त्याने मला भरवलं, बाई. स्वतःच्या हाताने." मग जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, "त्याच्या कामाच्या शेडमागे एक खोली आहे. महिन्यापूर्वी बंद केली. वाळवी लागली म्हणाला."

"मी येईपर्यंत त्याला उठू देऊ नका. जमेल?"

आईने डोळे पुसले आणि बाहेर गेली. "दादा, जरा माझ्याजवळ बस ना," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. भुशाचा वास असलेला, ओळखीचा हात. तो तिच्या डोक्यावरून दुसरा हात फिरवत राहिला.

रस्त्यावर येताच टेपबाईने ओळखीच्या इन्स्पेक्टरला फोन लावला. शेड तीन गल्ल्या पलीकडे होती. तिथे रंध्याच्या ढलप्यांच्या ढिगामागे ते दार होतं. बाहेरून कडी. इन्स्पेक्टरने ती काढली.

आत गादी होती, बाहुल्या होत्या, पंखा, दुधाचा पेला. लाकडाचं नवं कोरं घसरगुंडीचं खेळणं. मुलगी दाराशीच अनवाणी बसली होती. हाताची बोटं लाल झाली होती.

"ही मूठ बिघडली आहे," ती म्हणाली. "मी किती फिरवली! मामाला सांगा नीट करायला."

इन्स्पेक्टरने तिला कडेवर घेतलं आणि तोंड फिरवलं. पंचनाम्याला माप लागणार होतं, म्हणून टेपबाईने पट्टी जमिनीला टेकवली.

आतली मूठ सत्तर सेंटीमीटरवर. बाहेरची कडी एकशे ऐंशीवर.