सहा इंचांचं मनगट

"हात द्या," मास्तर म्हणाले, आणि जिममध्ये नाव घालू पाहणाऱ्या कारकुनाने सुई टोचून घ्यायला आल्यासारखा उजवा हात पुढे केला.

मास्तरांनी अंगठा आणि मधलं बोट त्याच्या मनगटाभोवती लपेटलं. बोट अंगठ्यावर चढून चांगलं पेरभर पुढे गेलं. मग त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली. टेप त्यांच्या वडिलांची होती. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे बेतले आणि मुलाला दोनच गोष्टी ठेवल्या: एक शिलाई मशीन आणि हे बारीक हाड.

"सहा इंच," मास्तर म्हणाले. "माझ्याएवढंच."

कारकुनाचा चेहरा पडला. शहाण्या माणसाने इथेच थांबायचं असतं. पण खरं बोलण्याची खोड म्हातारपणापर्यंत जात नाही, आणि मास्तर तर अजून सत्तेचाळिशीतच होते.

"हे बघा, तुमची ताकद वाढेल. वर्षभरात आज उचलता त्याच्या दुप्पट उचलाल. खुर्चीत बसून पाठ धरते ना, तीही सुटेल. पण बारीक हाडावर मांस बेतानंच चढतं. भिंतीवरच्या त्या पोस्टरसारखे दंड आईबापांकडूनच आणावे लागतात."

"चार महिन्यांनी लग्न आहे माझं," कारकून म्हणाला.

"मग चांगलंय की. ताठ उभे राहाल."

कारकुनाने मास्तरांकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "तुम्ही किती वर्षं करताय हे?"

"चोवीस."

कारकुनाने पुन्हा एकदा तसंच पाहिलं. मास्तरांना ती नजर तोंडपाठ होती. त्यांच्या तोंडून शरीरशास्त्र ऐकताना लोक त्यांच्या बाह्यांकडे बघत, आणि बाह्यांमध्ये पुरावा नसे. "मी जरा त्या सरांना विचारून येतो," असं म्हणून कारकून ठोकळ्याकडे गेला.

ठोकळा हे त्याचं जिममधलं नाव; मास्तरांचाच चेला, आता इथलाच ट्रेनर. तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा मास्तरांची बोटं त्याच्या मनगटाभोवती पोहोचलीच नव्हती. टेप म्हणाली आठ. खांदे दारात आडवे अडकतील असे, आणि ते काही त्याने कमावलेले नव्हते. बाप हमाल, आजा हमाल. खाण तशी माती. मास्तरांनी त्याला बार धरायला शिकवला, श्वास कधी घ्यायचा ते शिकवलं. तो एक दिवस येई, दोन दिवस झोपे, आणि तरी सहा महिन्यांत त्याचे शर्ट उसवायला लागले. मास्तर चोवीस वर्षांत आजारपण सोडून एक दिवस चुकले नव्हते, आणि त्यांचे शर्ट अजून कॉलेजातलेच होत होते. देवाच्या घरी माप घेणारा बसवला असेलच, तर तो कुणाचा तरी मेहुणा असणार.

"चार महिने?" ठोकळ्याचा आवाज आला. "भरपूर झाले! छाती चार इंच वाढवून देतो. माझ्याकडे बघा की!"

कारकुनाने बघितलं आणि वर्षाचा फॉर्म भरला.

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. एरवी त्यांनी मनाला लावून घेतलं असतं, पण आज फोटोचा दिवस होता. जिम आता मालकांच्या जावयाकडे आली होती, आणि जावयाने ठरवलं होतं की रस्त्याकडच्या काचेवर सगळ्या ट्रेनरांचे पुरुषभर उंचीचे फोटो लावायचे. चोवीस वर्षांत मास्तरांचा फोटो कुठे लागला नव्हता. ट्रेनरांचा लाल टी-शर्ट 'लार्ज'च्या खाली येतच नसे. नवा आला की मास्तर वडिलांच्या मशीनवर बसून दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घेत. यावेळी त्यांनी बाह्याही घेतल्या होत्या. सकाळी बायकोला म्हणाले होते, "बाजारात जाशील तेव्हा आता रस्त्यातच दिसेन तुला." ती हसली होती. त्यांना त्या फोटोची फार हौस होती, अगदी लाज वाटावी इतकी.

फोटोग्राफर दुपारी आला. दिवे लावले, पडदा टांगला, आणि मग जमिनीवरचा बार त्याच्या पायात आला. कुणीतरी व्यायाम करून एकशे तीस किलो तसेच सोडून गेलं होतं.

"हे जरा बाजूला घ्या हो," तो म्हणाला.

ठोकळा प्लेटी उतरवायला वाकला. "राहू दे," मास्तर म्हणाले. ते बारापाशी आले, पावलं लावली, पाठ सरळ केली, श्वास आत घेतला आणि अठ्ठावन्न किलोच्या त्या देहाने एकशे तीस किलो उचलले. चार पावलं चालले. आणि कुठेही आपटू न देता बार खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. इतकी वर्षं केलेलं सगळं त्या चार पावलांत होतं.

फोटोग्राफरने मान डोलावली. "वा! पोकळ आहेत का प्लेटी? फोटोसाठीच ठेवल्यात वाटतं."

कुणीतरी हसलं. ठोकळाही हसला, मग मास्तरांकडे पाहून गप्प झाला.

"आता तुम्ही घ्या तो हातात," फोटोग्राफर ठोकळ्याला म्हणाला. "तुम्हाला शोभेल."

ठोकळ्याने पाय फाकवले, जोर लावला. बार गुडघ्यापर्यंत आला आणि थरथरला. पाठ कमानीसारखी वाकली. छाती आणि दंड सोडून दुसऱ्या कशाला त्याने कधी हात लावला नव्हता.

"सोड," मास्तर म्हणाले. "पाठ जाईल तुझी. सोड म्हणतो ना!"

शेवटी तोडगा निघाला. नव्या लोकांना शिकवायला रबराच्या मोठ्या प्लेटी असतात, दिसायला भरभक्कम आणि वजनाला पाच-पाच किलो. त्या मास्तरांनीच कोपऱ्यातून आणून बाराला चढवल्या. ठोकळ्याने बार एका हातात धरून दात दाखवले. दिवे चमकले.

"माझा नंबर कधी?" मास्तरांनी विचारलं. टी-शर्ट खाली ओढून नीट केला.

"मास्तर, जरा आत येता का?" जावयाने हाक मारली.

त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मास्तर काय ते समजले.

"तो कारकून दाराबाहेर गेलाच होता म्हणा," जावई म्हणाला. "त्याने ठोकळ्याला सांगितलं सगळं, तुम्ही काय बोललात ते."

"खरं तेच बोललो."

"खोटं कोण म्हणतंय? माझं ऐका, रागावू नका. आत्ता तुम्ही उचललंत, मी पाहिलं. ठोकळ्याच्या बापाला जमणार नाही. पण काचेबाहेरच्या माणसाला वजन दिसत नाही, मास्तर. दंड दिसतात." त्याने ड्रॉवर उघडला. "पहिल्या तारखेपासून तुम्ही काउंटर सांभाळा. पगार तोच राहील. ट्रेनरांना काही अडलं तर तुम्ही आहातच."

"म्हणजे शिकवायचं मीच, पण दिसायचं नाही."

जावयाने ड्रॉवरमधून एक पिशवी काढून पुढे सरकवली. आत राखाडी टी-शर्ट होता. काउंटरवाल्यांचा.

बाहेर आल्यावर ठोकळा वाटेत उभा राहिला. "मास्तर, मी बोलू का त्यांच्याशी?"

"काय बोलशील?"

ठोकळा मान खाजवायला लागला. देवाने त्याला जे द्यायचं ते हाडात दिलं होतं.

"पाठीचा व्यायाम सुरू कर," मास्तर म्हणाले. "आणि त्या कारकुनाला पहिला महिना वजन वाढवू देऊ नकोस. मनगट नाजूक आहे त्याचं."

घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. "काढला का फोटो?"

"दिवे गेले त्यांचे," मास्तर म्हणाले. चोवीस वर्षांत गिऱ्हाइकांशी कधी खोटं न बोललेला माणूस घरच्या माणसाशी बोलला, आणि ते किती सोपं असतं हे त्यांना आजच कळलं.

त्यांनी मशीनवरचं झाकण काढलं. सवयीने दोन टाचण्या ओठांत धरल्या, राखाडी टी-शर्ट अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहून काखेखाली कापड चिमटीत धरायला गेले. चिमटीत काही आलंच नाही. दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथेही नाही. खांद्याची शिवण खांद्यावर होती, बाही दंडाला लागून होती.

"अगंबाई!" बायको भाजी तशीच ठेवून उठली. तिने मागून पुढून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला. "हा कसा अगदी मापात बसला हो! तुमच्यासाठीच शिवल्यासारखा. आधीपासूनच असा का नाही दिला त्यांनी?"

मास्तरांना बोलता येईना. तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि मशीनवर झाकण घातलं.