कुंपणाला खिडकी

मी खिडकी बोलतेय. घराची नव्हे हं, कुंपणाची. हसलात ना? खुशाल हसा. मला बसवलं त्या दिवशी सगळी गल्ली हसली होती. रागावल्या त्या एकट्या ताहेराआपा, आणि मला बनवून घेतलं होतं ते त्यांच्याच सांगण्यावरून.

अंगाने मी स्टीलची. शेंद्र्याच्या वाटेवर मोतीराम मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे, तिथे मी आधी नुसता पाइप होते. भिंतीला टेकून दिवस काढायचे. माझ्या शेजारी प्लास्टिकच्या कुंपणाचा एक नमुना ठेवलेला असे. पांढराशुभ्र, फळीला फळी अगदी चिकटून. येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावायचा. "रंग नको, गंज नको, ओलं फडकं मारलं की झालं," असं त्याचं कौतुक व्हायचं, आणि मला विचारायचे, "हे जड असेल ना हो?" मी मनातल्या मनात जळायची. खोटं कशाला सांगू?

एका सकाळी सुयश आणि त्याची बायको सायली शेडमध्ये आली. बरोबर सुयशची आई, वच्छलाबाई. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. अलीकडे त्यांना सगळ्याचा विसर पडत चालला होता. मुलाला कधी ओळखायच्या, कधी भाऊ समजायच्या. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात होती. दुपारी ताहेरा येणार, मग जेवायचं.

ताहेराआपा मागच्या घरात राहतात. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून आहेत. एकाचं फाटक या रस्त्याला, दुसऱ्याचं त्या. मध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि त्यात एक फट. आपा रोज त्या फटीतून यायच्या, वच्छलाबाईंसमोर बसायच्या, चार घास पोटात जाईपर्यंत हलायच्या नाहीत. पण आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालासुद्धा ठाऊक नसतं. उन्हाळ्यात मेंदी वाळून गेली आणि मागचं अंगण उघडं पडलं. एका दुपारी वच्छलाबाई तिकडून निघाल्या त्या थेट जालना रोडवर. मोठमोठे ट्रक चाललेले, आणि या मधोमध उभ्या. एका भल्या रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. तेव्हापासून सुयशची झोप उडाली होती.

"प्लास्टिकचंच करू," तो मोतीरामना म्हणाला. "आईला पलीकडचं काही दिसलंच नाही, तर जावंसंही वाटणार नाही."

सायलीलाही ते पटलं. दर दोन वर्षांनी रंग कोण देत बसणार?

तेवढ्यात आत कटर सुरू झाला. वच्छलाबाईंनी कान टवकारले. "पट्टा सैल झालाय बगा. आवाज येतोय की."

सुयश ओशाळून हसला. "खुलताबादजवळ गावाकडं आमची पिठाची गिरणी होती. आईच चालवायची."

बोलणं पुन्हा कुंपणाकडे वळलं आणि वच्छलाबाई चालत चालत त्या पांढऱ्या नमुन्यासमोर जाऊन थांबल्या. मग त्यांनी त्याच्यावर टकटक केलं.

"दार उघडा की. कोन हाय का आत?" थोडं थांबून पुन्हा, जरा घाबरून, "आवं, मला कोंडलंय का इथं?"

सायली धावली. त्यांचा हात धरून तिने त्यांना इकडे वळवलं, तर त्यांनी मला घट्ट पकडलं. माझ्या आणि शेजारच्या पाइपाच्या मधून बाहेर पाहिलं. बाहेर रस्ता, चहाची टपरी, एक बकरी. त्यांचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"स्टीलचं करा," सायली म्हणाली. "गज ठेवा मध्ये. दिसू दे त्यांना सगळं."

अशी माझी निवड झाली. मी जिंकले खरी, पण त्या बाईंची घाबरी पकड माझ्या अंगात राहून गेली होती, त्यामुळे आनंद काही झाला नाही.

आता माझ्या नावाची गंमत ऐका. कुंपणाचं कळलं तेव्हा ताहेराआपा सुयशला म्हणाल्या, "कर बेटा, जरूर कर. बस, बीच में एक खिडकी रख. मैं कडी लगा के जाया करूंगी." आपांचं माहेर जुन्या शहरातलं. तिथे तटाच्या भिंतीत मोठे दरवाजे, आणि माणसांना ये-जा करायला लहानसं दार असेल तर त्याला म्हणतात खिडकी. सुयशला हे कुठलं माहीत! त्याने मोतीरामना फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"कुंपनाला खिडकी?" मोतीरामनी दोनदा विचारलं.

"हो. आपांनी सांगितलंय."

मोतीरामनी मग जीव ओतला. मला छातीच्या उंचीवर बसवलं, दोन झडपा दिल्या, कडी दिली, कोपर टेकायला रुंद पट्टी दिली, वर वेलबुट्टीसुद्धा काढली. मी नटूनथटून उभी होते, आणि आपा आल्या.

"अगे माँ! ये क्या बनाया? मैं बिल्ली हूं क्या, इसमें से कूद के आने को?"

"तुमीच म्हनला ना खिडकी!" मोतीराम गोंधळले.

"खिडकी बोले तो आने-जाने की खिडकी! मेरेकू अंदर जाना है ना, बाबा."

सगळे पोट धरून हसले. मोतीराम लगेच कापायला निघाले होते, पण सुयशने थांबवलं. दार केलं आणि चुकून उघडं राहिलं तर? जालना रोड अजून त्याच्या डोळ्यांसमोर होता. आपा वळून घरात गेल्या. समोरच्या फाटकाने यायचं म्हणजे सगळ्या गल्लीला वळसा, आणि त्यांचे गुडघे पार कामातून गेलेले. त्यात रुसवा. त्या फिरकल्याच नाहीत.

इकडे वच्छलाबाईंनी जेवण सोडलं. सायली ताट घेऊन बसायची, त्या मान फिरवायच्या. "ती यायचीय अजून." संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट तेवढं पोटात जायचं. सायली मोरीत जाऊन रडायची. मला वाटायचं, कशाला मी जन्माला आले! माझ्याऐवजी एक साधं दार असतं तर ही बाई उपाशी राहिली नसती.

एका दुपारी वाऱ्याने माझी झडप उघडली. अंगणात फिरणाऱ्या वच्छलाबाई थबकल्या. जवळ आल्या, पट्टीवर कोपरं टेकली, पदर खोचला आणि पलीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कुनाचं दळन हाय? डबा आना!"

आपा तारेवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळून बघितलं. मग ओली चादर तशीच टाकून घरात गेल्या आणि ज्वारीचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निवडलीय का? खडा नगं बरं."

"हौ, निवडली."

"जाडं का बारीक?"

"भाकरी का आटा." मग आपांनी हळूच विचारलं, "लेकिन बाई, तुम्ही जेवलात का? आधी जेवा. गिरणी कुठं पळून जाती?"

वच्छलाबाईंनी विचार केला. "व्हय, भूक तर लई लागलीय."

सायलीने धावत ताट आणून माझ्या पट्टीवर ठेवलं. अलीकडून त्या जेवल्या, पलीकडून आपा बोलत राहिल्या. जेवण झाल्यावर वच्छलाबाईंनी डबा जसाच्या तसा परत दिला. "लाइट गेली. उद्या या."

"अच्छा जी, उद्या येते," आपा म्हणाल्या, आणि वच्छलाबाईंची पाठ वळल्यावर पदराने डोळे पुसले.

मग रोज हेच. तीच ज्वारी, तोच डबा, तीच गेलेली लाइट.

मे महिना आला तशी मी तापू लागले. इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. वच्छलाबाईंची कोपरं भाजली, त्या मागे सरकल्या, आणि मला माझीच लाज वाटली. सायलीने मोतीरामना बोलावलं. त्यांनी काय आणलं असेल? त्याच पांढऱ्या नमुन्यातली एक फळी! ती माझ्या पट्टीवर स्क्रूने बसवली. ज्याच्या नावाने मी बोटं मोडली, त्यानेच त्या बाईंचे हात जपले. माझा सगळा तोरा उतरला.

या पावसाळ्यापासून वच्छलाबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. माझ्यापर्यंत येववत नाही. आपा तरी डबा घेऊन येतात, पलीकडे उभ्या राहतात आणि हाका मारतात. परवा आतल्या खोलीतून क्षीण आवाज आला,

"लाइट आली गं. दळन घिऊन ये आत."

आपा डबा छातीशी धरून तिथेच उभ्या. आत येणार कुठून? माझ्यातून हात तेवढा येतो, माणूस येत नाही. सुयश मागच्या दारात उभा राहून हे पाहत होता. त्याने तिथूनच मोतीरामना फोन लावला.

मोतीराम आज येऊन माप घेऊन गेले. उद्या माझ्याखालचे गज कापतील, माझ्या झडपा काढतील, आणि माझ्या जागी एक लहानसं दार होईल. आपांनी त्यांना पलीकडून बजावलं, "इस बार बराबर सुनो. मैं आनी चाहिए उसमें से. डब्बा लेके."

मला वाईट वाटत नाही. नाव तर माझंच राहणार, खिडकी. आपा पहिल्यापासून जी मागत होत्या ती. फक्त मोतीराम, एक ऐका. ती पांढरी फळी फेकू नका. कडीपाशी बसवा. पुढच्या मे महिन्यातही आपा येतील, त्यांचा हात भाजायला नको.