रस्त्याची बाजू

शेवटच्या साध्या दिवशी आई फुटपाथवर उभी होती, आणि मुंगी आणि मी काचेच्या आत.

नाताळच्या आधी दरवर्षी असंच चालायचं. आईच्या तळमजल्यावरच्या घरात बाहेरच्या खोलीची मोठी खिडकी थेट रस्त्यावर आहे. झाड त्या खिडकीतच उभं राहायचं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, डिंकाने बोटं बरबटवून, आठवडाभर जे काही केलेलं असेल ते त्या दिवशी झाडावर चढायचं. कागदाच्या साखळ्या, मीठ घालून भाजलेल्या कणकेचे तारे, अक्रोडाच्या टरफलात झोपलेला बाळ येशू. आई मात्र झाडाला हात लावायची नाही. ती कोट घालून बाहेर जायची, दिव्याच्या खांबाशेजारी एक डुगडुगणारी फरशी आहे तिच्यावर उभी राहायची आणि तिथून हातांनी सांगायची. रहदारीच्या आवाजात बंद काचेतून बोलणं पोचत नाही, म्हणून खुणा. तळहात वर केला की वस्तू वर घ्यायची. मूठ वळली की पास, तिथेच बांधायची. आणि कोटावरचा दोरा झटकावा तशी दोन बोटं झटकली, की नापास.

नापास वस्तू फेकायची नसे. एवढी काही आई वाईट नव्हती. ती मागे लावायची, खोलीच्या बाजूला. आमच्या झाडाला दोन बाजू होत्या, रस्त्याची आणि घरची. "घरच्यांचं काय," आई म्हणायची, "घरचे मागूनच बघतात."

मी केलेल्या एकाही वस्तूला कधी मूठ मिळाली नाही. आईने स्वतः केलेल्या वस्तू मी तिच्या खुणांबरहुकूम रस्त्याच्या बाजूला बांधायचे, आणि मग माझ्या वस्तू घेऊन मागच्या बाजूला यायचे. लग्न झालं, मोडलं, मुंगीला घेऊन मी पुन्हा आईकडे राहायला आले, तरी तेच.

तो तिचा धंदाच होता. शहरातल्या एका मोठ्या कापड दुकानाच्या दर्शनी काचा ती सजवायची. पुतळ्याच्या अंगावर पोशाख असा बसवायची की रस्त्याने जाणारी बाई थबकलीच पाहिजे. आणि त्याच पुतळ्याच्या पाठीवर नुसत्या टाचण्या, चिमटे, दोरे. शाळेच्या नाटकात मी देवदूत झाले होते तेव्हा माझा झगाही तिने तसाच बसवला. "पाठ दाखवायची नाही आणि वाकायचं नाही," एवढंच सांगितलं. गव्हाणीपाशी गुडघे टेकायचे होते, तेव्हा मला वाकावं लागलं. त्या फोटोत मी फार सुरेख दिसते. डोळ्यांत पाणी आहे, ते भक्तीचं वाटतं.

मुंगी माझी मुलगी. पहिलीत आहे. वाटेतलं काहीबाही उचलून घरी आणते, म्हणून मुंगी. आजवर तिच्याकडे डिंक लावायचं काम असायचं. या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःची वस्तू केली. देवदूत. अंग कागदाच्या नळीचं, पंख अंड्यांच्या ट्रेचे, डोकं म्हणजे पिंगपाँगचा चेंडू. तोंड लाल स्केचपेनने काढलं होतं आणि डिंकाचा हात लागून ते हनुवटीपर्यंत पसरलं होतं. मुंगीने तो काचेला टेकवून धरला आणि आजीकडे बघत राहिली.

आईने मान तिरकी केली. मग दोन बोटं झटकली.

मुंगीला ती खूण माहीत नव्हती. तिला वाटलं, आजी टाटा करतेय. तिनेही टाटा केला.

आईने पुन्हा झटकली, या वेळी हात लांब करून. मुंगीने दोन्ही हातांनी टाटा केला. देवदूत खाली पडला, तो तिने उचलून पुन्हा धरला. शेवटी आई आत आली.

"काय गं, डोळे फुटले का दोघींचे? मागे म्हणतेय ना मी."

"मागे का, आजी?"

"कारण हा देवदूत नाहीये, मुंगे. दात उपटून घरी निघालेला माणूस आहे."

मला हसू आलं. विनोद चांगला होता. आईचे विनोद चांगलेच असायचे, त्यामुळे लागले तरी तक्रार करायची सोय नसे.

"पण मी बसवाल्या काकांना सांगितलंय," मुंगी म्हणाली. "शाळेच्या शेवटच्या दिवशी आमच्या खिडकीत बघा म्हणून. ते हॉर्न वाजवणार आहेत."

"मग काकांना एक बिस्कीट दे. तेवढ्यावरही वाजवतील."

"मी स्वतः केलाय तो."

"तेच तर दिसतंय."

मुंगी माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलावरचे कागदाचे कपटे गोळा करत होते. एक कपटा वर्तमानपत्राला चिकटला होता, तो नखाने खरवडत राहिले. आईने देवदूत मुंगीच्या हातातून घेतला आणि घरच्या बाजूला, सर्वांत खालच्या फांदीवर, कुंडीला टेकवून ठेवला. मुंगीचा ओठ थरथरायला लागला.

"ए, रडायचं नाही हं," आई म्हणाली. "तुझ्या आईच्या वस्तू जन्मभर मागेच होत्या. ती काय मेली का?"

दुसऱ्या दिवशी आई गेली.

ती केव्हाच निवृत्त झाली होती, पण दर डिसेंबरात दुकानाचे मॅनेजर तिला हमखास बोलवायचे. नव्या पोरांना जमत नाही म्हणायचे. या वर्षीच्या काचेत तिने एक खोली उभी केली होती. खोटी शेकोटी, गालिचा, आरामखुर्ची, भोवती लोकरीचे कपडे घातलेले पुतळ्यांचं कुटुंब. सकाळी सजावट झाकणारा काचेवरचा कागद काढून झाल्यावर ती किरकोळ टाके घालायला आत शिरली आणि मध्येच खुर्चीत बसली. त्यानंतर उठली नाही.

कोणाच्या लक्षात आलं नाही. काउंटरवरची मुलगी मला रडत रडत सांगत होती, "आम्हाला वाटलं, काकू बसून नजर टाकतायत." बाहेरून माणसं जात होती, थांबत होती, एकाने फोटोही काढला म्हणे. दुपारी एक बाई दुकानात आली आणि मॅनेजरांना म्हणाली, काच मस्त आहे, पण त्या म्हातारीच्या पुतळ्याची मान कलली आहे, तेवढी सरळ करा. म्हणून कळलं.

आईला ही तक्रार रास्त वाटली असती.

दफन झालं. मावशी, आईची धाकटी बहीण, आमच्याकडे राहायला आली. ती आईच्या अगदी उलट, कुणाबद्दल वाईट म्हणून बोलत नाही, आणि त्याचा कधीकधी जास्त त्रास होतो. आल्या आल्या तिने खिडकीतल्या झाडापाशी उभं राहून डोळे टिपले.

"तिच्या हातचं शेवटचं," ती म्हणाली. "याला आता कुणी हात लावायचा नाही हं. आहे तसंच राहू दे."

मुंगी खालच्या फांदीपाशी फतकल मारून बसली होती. "मावशीआजी, आता आजी नाहीये ना?"

"नाही गं राणी."

"मग माझा देवदूत आता पुढे लावू?"

मावशीने तोंडावर हात ठेवला. "अगं, असं बोलू नये! काय शिकवलंयस हिला?"

"उद्या शेवटची बस आहे," मुंगी मला समजावून सांगायला लागली, जणू मावशीला ऐकूच येत नव्हतं. "उद्यानंतर सुट्टी. काकांनी बघितलं आणि देवदूत नसला तर ते म्हणतील मी खोटं बोलले."

"बाळा, आजीनेच तो इकडे ठेवलाय ना?" मावशीने तिला जवळ ओढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्याही वस्तू ती इकडेच लावायची, आठवतंय? लोकांना दाखवायचं ते पुढे, आणि जिवाभावाचं ते आपल्या बाजूला. बसल्या जागेवरून स्वतःला बघता यावं म्हणून. बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता तिचा."

मी आईच्या खुर्चीकडे बघितलं. ती टीव्हीसमोर होती, तशीच, बसून बसून खोलगट झालेली. झाडाकडे तिची पाठ होती.

"तिची खुर्ची बघ, मावशी. त्या खुर्चीतून झाड दिसतच नाही."

"तू पण ना! माणूस गेल्यावर असा हिशेब मांडतात का?"

मी देवदूत उचलला. एक पंख वाकला होता. मुंगीने तो सरळ केला आणि झाड आणि काच यांच्यामधल्या फटीत घुसली. लहान असताना मीही तिथेच घुसायचे. केसांत काटक्या अडकायच्या.

"कुठे लावू?"

"तुला हवं तिथे."

"असं नाही," ती म्हणाली. "बाहेरून कुणीतरी सांगायचं असतं. तू जा."

मी आईचा कोट अंगात घातला, दारामागे तोच लटकत होता. फुटपाथवर आले आणि डुगडुगणाऱ्या फरशीवर उभी राहिले. इतकी वर्षं मी दिवसातून कितीदा तरी तिच्यावरून गेले असेन, पण झाड सजल्यावर तिथे थांबून मागे वळून बघितलं, असं कधी झालं नव्हतं.

झाड सुंदर होतं. आईने कागदापासून केलेले पक्षी एकाच दिशेने वर चढत गेले होते, पण एका रांगेत नाही, खरे पक्षी उडतात तसे. साखळ्या कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. ते सगळं माझ्याकडे तोंड करून उभं होतं आणि मला ते आवडलं, खूप आवडलं, आणि याचाच मला राग आला.

मधोमध मुंगीने देवदूत धरला होता. रस्त्यावरून तो आतल्यापेक्षा वाईट दिसत होता. पसरलेलं तोंड जखमेसारखं. शेजारचे पक्षी त्याला घाबरून उडाल्यासारखे वाटत होते. आईची नजर चुकली नव्हती. तो तिथे शोभत नव्हता.

माझा हात वर आला. दोन बोटं आपोआप एकत्र आली होती. मी ती बघितली आणि हात कोटाच्या खिशात कोंबला. खिशात टाचण्यांची डबी होती.

मुंगी वाट बघत होती. मी काहीच करत नाही म्हटल्यावर तिने भुवया उंचावल्या, आणि मग स्वतःच, अगदी हुबेहूब, दोन बोटं झटकून दाखवली. 'असं का?' असं विचारत होती. एवढ्या चार दिवसांत तिला खूण समजली होती.

घराचं दार वाजलं. मावशी शाल गुंडाळून बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिने खिडकीकडे बघितलं, देवदूत बघितला आणि उसासा टाकला.

"हे आवडलं नसतं गं तिला."

"नसतंच आवडलं."

"मग? पोरीची समजूत काढता येईल. तुझी आई वरून बघत असेल, तिला काय वाटेल?" मावशीने माझ्या दंडावर हात ठेवला. "मनातल्या मनात माफी माग तिची. बोल तिच्याशी. बरं वाटेल."

मी खिशातून हात काढला आणि मूठ वळली. ती मुंगीला नीट दिसेपर्यंत वर धरली. मुंगीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती घाईघाईने दोऱ्याची गाठ मारायला लागली, जीभ बाहेर काढून, पक्ष्यांना धक्के देत. एक पक्षी गळून खाली पडला. तिने तो बघितलासुद्धा नाही.

"अगं, तिचा पक्षी..." मावशी म्हणाली.

रस्त्यावरून एक ट्रक जात होता, म्हणून मी आवाज चढवून बोलायला लागले. तो गेल्यावरही मी आवाज खाली आणला नाही. मावशीचा हात माझ्या दंडावर होता, आणि पलीकडच्या दुकानातला माणूस मान वर करून बघत होता.

"आई, तू मला आवडत नव्हतीस," मी म्हणाले. "कधीच नाही. मला फक्त एकदा ती मूठ हवी होती."