चिमूटभर जस्त

थोरल्या वहिनीचा हात स्वयंपाकाला चांगला, म्हणून मालकांनी तिला मत्स्यशेतीवर माशांचं खाद्य मिसळायला ठेवलं. आता भाजीचा आणि माशांच्या खाद्याचा काय संबंध, ते मालकच जाणोत! काम मोठं किचकट. जस्ताची पूड लागायची एवढीशी, पण ती आधी मूठभर पिठात, मग घमेलंभर पिठात कालवून मगच गोळ्या पाडायच्या यंत्रात टाकायची, नाहीतर चार गोळ्यांत सगळी आणि बाकीच्या कोरड्या. वहिनीला त्याचा वीट आला. "माशांना काय डोंबल कळतंय," म्हणत तिनं पूड टाकणंच सोडलं. पुड्या पोत्यांमागे सारल्या आणि खुशाल चहा पीत बसू लागली.

काही आठवड्यांनी मासे खाद्य सोडून भलतीकडेच तोंड मारू लागले. खाद्य तळाशी कुजायला लागलं. माशांना खाद्य टाकायचं काम तिच्या धाकट्या दिराचं. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "डोळे मिटून टाकतोस काय रे? उद्यापासून येऊ नकोस." वहिनी शेजारीच उभी होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

तेवढ्यात माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक मासा उजेडात धरला. डोळ्यात पांढरंफटक.

"मोतीबिंदू झालाय. दिसतच नाही, तर खातील काय? जस्त कमी पडलंय."

"शक्यच नाही," मालक म्हणाले. "मिसळणारी बाई भरवशाची आहे. पूड विकणाऱ्यानंच भेसळ केली असणार."

वहिनीला आयती पळवाट मिळाली होती. पण दिराची नोकरी गेली ती गेलीच होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी टाकलीच नाही पूड," ती म्हणाली. "कंटाळा केला. भाऊजींचा काही दोष नाही."

मालक आणि डॉक्टरीणबाई पोती बघायला आत गेले. दीर जाळं गुंडाळत होता.

"भाऊजी, चुकलं माझं."

"पुड्या मला परवाच दिसल्या होत्या, वहिनी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." त्यानं जाळं खांद्यावर टाकलं. "मालक मला झापत होते ना, तेव्हा मी सारखा तुमच्याच तोंडाकडे बघत होतो."