बांधावरचा कळंब

मारुतरावांनी कुऱ्हाड मागितली तेव्हा सोजराबाई चुलवणापाशी उभी राहून आचाऱ्याशी भांडत होती. कालच तेलाचे दोन डबे दिले होते आणि हा बाबा आज सकाळी तिसरा मागत होता.

“तेल पितोस का काय रं?” असं म्हणतच ती वळली.

मारुतराव म्हणजे तिचे चुलत दीर, भावकीत सगळ्यात थोरले. नवं धोतर, डोक्याला फेटा, शेजारी त्यांची बायको धुरपदा. देवक आणायचा मान या जोडप्याचा. पुढं वाजंत्री लावून जायचं, घराण्याच्या झाडाची डहाळी तोडायची, मारुतीच्या पायाला लावायची आणि आणून मांडवाच्या मेढीला बांधायची. त्याशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही.

“लांब जायला नगंच,” मारुतराव म्हणाले. “आपल्या बांधावरच कळंब हाय.”

“कळंब कशाला? आपलं पंचपाळवी की हो, भावजी. पाच झाडांचा पाला.”

“कुणी सांगितलं तुला? माझ्या लग्नात कळंब, हौसाच्या लग्नात कळंब. आज्यानं झाडच त्याच्यासाठी लावलंय.”

सोजराबाई आचारी, तेल सगळंच विसरली. ज्यांचं देवक एक, ती बहीणभावंडं. मग आडनाव वेगळं असो का गाव वेगळं, लग्न होत नाही म्हणजे नाही. आणि नवरीच्या, कवठ्याच्या सुवर्णाच्या घरचं देवक कळंबाचं होतं.

चूक तिचीच होती. चार वर्षांमागं लेकानं, रविराजनं बायोडाटा छापायला घेतला, तेव्हा ती कांदा काटत बसली होती. “आई, देवक काय गं आपलं?” त्यानं विचारलं आणि तिनं मान वर न करता सांगितलं, “पंचपाळवी.” ते तिच्या माहेरचं. सासरचं देवक तिनं बघितलंच कधी? तिच्या लग्नात ते इथं निमोण्यात बांधलं गेलं, तेव्हा ती न्हावऱ्यात आपल्या बापाच्या मांडवात होती. पुढं या घरात दुसरं लग्नच झालं नाही. पोटी एकटा रविराज. तिचे मालक हौसराव असते तर बोलले असते, पण त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

तो कागद घेऊन मायलेकरं सत्तावीस ठिकाणी हिंडली. सगळीकडं एकच बोलणं, पोरगा कंपनीत आहे का? नाही? मग शेती किती का असेना. एका घरी तर पोहे खाऊन झाल्यावर पोरीच्या आईनं सांगितलं की आमची पोरगी शेणात हात घालणार नाही. परतताना रविराजनं ओढ्यावर गाडी थांबवून हात चोळचोळून धुतले. छत्तिसावं लागलं तसा त्यानं आरशात बघायचंच सोडलं.

आणि मग कवठ्याची सुवर्णा भेटली, ती कांद्याच्या रोपापायी. तिचा बाप रोप विकायचा, मोजून द्यायचं काम तिच्याकडं. एकतिशी गाठलेली, बापाचं सगळं शेत अंगावर घेतलेली. रविराज पहिल्यांदा रोप घेऊन आला. चार दिवसांनी पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा ती म्हणाली, “किती एकर हाय ओ तुमचं? का समदा तालुका लावायला घेतलाय?”

“दोनच एकर हाय,” तो म्हणाला. “लावून कवाच झालंय.”

हे त्यानं घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा हसता हसता त्याचे डोळे भरले होते. जास्तीचं रोप गोठ्यामागं वाळून गेलं, पण सोजराबाई त्याला एका शब्दानं बोलली नाही.

आता तिनं मारुतरावांना हाताला धरून गोठ्यात नेलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

“मग संपलं सोजरा,” ते म्हणाले. “बहीणभाऊ झाली ती. अजून हळद लागली न्हाई तवर फोन कर कवठ्याला.”

“आन् पोराला काय सांगू? सत्तावीस जागी नाकारला, आठ्ठाविसाव्या जागी आईनं घालवला?”

“माझ्या हातात हाय का ते?”

“तुमच्याच हातात हाय. पाच झाडांचा पाला आणा. कुणाला काय कळतंय?”

“मला कळतंय न्हवं?”

सोजराबाई तिथंच शेणामुतात वाकली आणि तिनं त्यांचे पाय धरले. “पाप लागलं तर माझ्या एकटीला लागू द्या, भावजी. त्यो जगायचा न्हाई. बोलत न्हाई, पर मी आई हाय, मला दिसतंय.”

मारुतरावांनी पाय सोडवून घेतले.

“मी आणणार न्हाई,” ते म्हणाले. “मांडवात बोंब मारणार न्हाई, पर कुणी इचारलं तर खोटंबी बोलणार न्हाई.” आणि धुरपदाला घेऊन ते घरी निघून गेले.

वाजंत्री खोळंबली. बायका कुजबुजायला लागल्या. सोजराबाईनं तोंड धुतलं आणि भाची सविताला न् तिच्या नवऱ्याला, भारतला, पुढं केलं. “मारुतराव आप्पांच्या कंबरेत चमक भरली, तुम्ही आणा. पंचपाळवी हाय आपलं. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभळ, धेनात ठेवा.” खोटं बोलताना आवाज कापला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

देवक आलं, मेढीला बांधलं. रविराज पाटावर बसला, सवाष्णींनी हळद लावली. विधवा म्हणून सोजराबाई खांबाआड उभी राहून बघत होती. हळदीत माखलेला पोरगा दहा वर्षांनी लहान दिसत होता. वैशाखाचा फुफाटा मांडवात घुसत होता, पाला फडफडत होता आणि तिची नजर सारखी वाटेकडं लागली होती.

उष्टी हळद न्यायला सुवर्णाचा भाऊ इंद्रजीत गाडी घेऊन आला आणि नेमके त्याच वेळी मारुतरावही आले. पुतण्याच्या हळदीला न येणं त्यांच्या जिवाला सोसलं नसावं. सगळ्यात वयस्कर तेच, म्हणून इंद्रजीत थेट त्यांच्याकडंच गेला.

“आप्पा, आमच्या भटजींनी इचारून यायला सांगितलंय. देवक पंचपाळवीच न्हवं तुमचं?”

सोजराबाईनं खांब घट्ट धरला. देवा, आत्ताच्या आत्ता मला उचल, असं तिला खरोखर वाटलं.

मारुतरावांनी रविराजकडं बघितलं. पोरगा हळदीच्या अंगानं पाटावरून हसत होता. मग त्यांनी मेढीकडं बोट केलं.

“बांधलंय की समोर. दिसंना का तुला?”

“न्हाई, खात्री केलेली बरी.”

“मग बघ जाऊन,” ते म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

लग्न पार पडलं. जागरण-गोंधळ झाला, पाहुणे पांगले. पण सोजराबाईला अन्न गोड लागेना. रविराजला ठेच लागली तरी तिच्या काळजात चर्र व्हायचं. सून शिंकली तरी ती देवापुढं हात जोडायची. बांधाकडची वाट तर तिनं टाकलीच होती.

आठवड्यानं सुवर्णाच म्हणाली, “आत्या, चला, मला रान दावा.”

नाही कसं म्हणणार? सासू मुद्दाम विहिरीकडून निघाली, पण रान दोनच एकर. फिरून दोघी कळंबाखाली आल्याच. सुवर्णानं चप्पल काढली, झाडाला हात जोडले, खाली वाकून बुंध्याला डोकं टेकवलं.

“माहेरचं देवक ना तुझं,” सोजराबाई कशीबशी बोलली.

“व्हय,” सुवर्णा म्हणाली. “तुम्हीबी पाया पडा की आत्या. हितलंबी देवक हेच की, मांडवातबी पडता आलं न्हाई तुम्हाला.”

सोजराबाईनं दचकून आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना.

“साखरपुड्यात धुरपदाआत्या सहज बोलून गेल्या, आमच्या बांधावर देवकाचा कळंब हाय म्हणून. मी घरी सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशी मोडलं आसतं. आठ महिने गिळून बसले. हळदीच्या दिवशी इंद्रा परत येईस्तवर उंबऱ्यातनं हलले न्हाई मी.”

“रविराजला…?”

“त्यांना काय म्हाईत न्हाई. सांगायचंबी न्हाई.” तिचा आवाज आता कापत होता. “आत्या, काय वंगाळ तर व्हायचं न्हाई ना आपल्याला?”

सोजराबाईनं सुनेचा हात धरला. तोही तिच्या हातासारखाच गार पडला होता. मग दोघी शेजारी शेजारी झाडाच्या पाया पडल्या. पलीकडच्या रानातून रविराजनं हाक मारली, तशी दोघींनी घाईघाईनं डोळे पुसले आणि चपला पायात घातल्या.