चांदीचं वासरू

आमच्या वर्षात सहल एकच, तिळसंक्रांतीची. बाकीचे दिवस पांढुर्ण्याला शाळा, ट्युशन आणि दळण. विनायकराव म्हणजे माझे यजमान, आमचे मास्तर. मुलांना भूगोल शिकवतात, पण स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. त्यांना घराबाहेर काढायचं तर बाहेर रोडगे आहेत असं सांगावं लागायचं, आणि रोडगे सौंसरला होते.

सौंसरला विजयमाला होती. पांढुर्ण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकीचा डबा दुसरीने खाल्ला आणि दोघींनी मिळून छड्या खाल्ल्या. पुढे तिचं सौंसरच्या मुकुंदभाऊंशी लग्न झालं. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि रामाकोन्याच्या वाटेवर संत्र्याचा बगीचा. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला तिने निरोप धाडला, मास्तरांना घेऊन ये, बगीच्यात रोडगे करू. तेव्हापासून तो शिरस्ताच पडला.

सकाळच्या बसने आम्ही पोरांसकट पोचायचो. बगीच्याचा राखणदार भिवाजी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर करून ठेवायचा. माला आणि मी कणकेचे रोडगे वळायचो, ते भाजायला आरात पुरून झाले की वांग्यांकडे वळायचो. वांग्याच्या भाजीत तिखट किती घालायचं यावरून दर वर्षी आमचं भांडण व्हायचं आणि दर वर्षी तीच जिंकायची. मुकुंदभाऊ आणि मास्तर झाडाखाली सतरंजीवर पडून देशाचा कारभार चालवायचे. पोरं संत्री तोडून इतकी खायची की जेवणाच्या वेळी त्यांच्या पोटात जागा नसायची. मास्तरांच्या पोटात मात्र असायची. तुपात बुडवलेले सहा-सहा रोडगे खाऊन ते तिथेच घोरायला लागायचे, आणि माला मला म्हणायची, "काय व अनु, हेच का तुहे विद्वान?"

ती असं हसायची की झाडावरची पाखरं उडायची. एकदा भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "वर्षभर मी कोणाची सून असते, कोणाची बायको असते, छायाची आई असते. या एका दिवशी मी तुही मैत्रीण असते." मी तिला म्हटलं, मग मैत्रिणीसारखी नीट घास, पातेल्याला राख तशीच आहे. मला असलं काही गोड बोलता येत नाही. तेव्हाही आलं नाही.

ब्याऐंशी सालच्या संक्रांतीला मुकुंदभाऊ गेले. त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं आणि पोरांना विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली आंघोळ करायची होती. लाइन गेली होती. मुकुंदभाऊ म्हणाले, जाते तशी येते, तोवर फ्यूज पाहून ठेवतो. झाडांना पाणी नेणाऱ्या दांडात हात धुऊन ते तसेच ओल्या हातांनी स्टार्टरच्या पेटीशी गेले. त्यांचे हात पेटीत असतानाच लाइन आली. त्याच्यापुढचं मला सलग आठवत नाही. आरात ठेवलेल्या रोडग्यांचा कोळसा झाल्याचा वास तेवढा आठवतो.

माला पस्तिशीचीही नव्हती. पदरात छाया एकटी, अकरा वर्षांची. घरात सासू, पंचफुलाबाई. मुकुंदभाऊ त्यांचे एकुलते एक, आणि त्यांचे यजमान तर आधीच वारलेले. दुकान भाड्याने दिलं, बगीचा भिवाजीच्या भरवशावर चालू राहिला, आणि घरात तीन बायका उरल्या.

आणि त्या घरातून संक्रांत गेली.

आमच्याकडे रीतच आहे. सणाच्या दिवशी घरचं माणूस गेलं, की तो सण त्या घरातून जातो. तीळ भाजायचे नाहीत, गोड करायचं नाही, बाहेर खेळायला-हिंडायला जायचं नाही, कोणी तीळगूळ दिला तर घ्यायचा नाही. पुढे कधी त्याच सणाला त्या घरात पोर जन्मलं, किंवा गोठ्यात गाय व्याली, तरच सण परत येतो. आता त्या घरात पोर कुठून जन्मणार होतं? म्हणजे वासराचीच काय ती आशा.

पंचफुलाबाईंनी ती रीत अशी पाळली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संक्रांतीला घराची दारं दिवसभर लावलेली. पोरीच्या हातावर शेजारणीने एकदा तिळाचा लाडू ठेवला, तर म्हातारीने तो काढून घेऊन परत धाडला. एका संक्रांतीला मालाने धीर करून बस धरली आणि छायाला घेऊन पांढुर्ण्याला माझ्याकडे आली. मला वाटलं, सुटली. पण तीही मांडीत हात घेऊन बसून राहिली. माझा तीळगूळ तिने घेतला नाही, आणि संध्याकाळच्या बसने दोघी परत गेल्या. इतक्या वर्षांची मैत्रीण माझ्या घरात पाहुण्यासारखी बसून गेली, याचा मला संताप आला आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी तोंडाची फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या खेपेला मी सौंसरला जाऊन म्हातारीलाच विचारलं, मावशी, कोण बघायला येतं? त्या पोरीला एक दिवस हसू द्या की. पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"सण का माह्या पदरचा आहे, बाई? असता तं कवाच देल्ला असता."

मी घरी येऊन मास्तरांना म्हटलं, ती बाई दगड आहे. मास्तर म्हणाले, तिचा मुलगा गेलाय. मी म्हटलं, मालाचा नवरा गेलाय, आणि त्या पोरीचा बाप. मास्तरांनी पेपर उघडला. वादात हरले की ते तेच करतात.

मग पंच्याऐंशी साली त्यांची गाय चांदी संक्रांतीच्या दोन दिवसांनी व्याली. म्हातारी सहज बोलून गेली, दोन दिवस आधी झालं असतं तर सण परत आला असता. त्या दिवसापासून मालाच्या डोक्यात ते बसलं.

गाय नऊ महिने आणि वर थोडे दिवस घेते. संक्रांतीला वासरू हवं तर चैत्रात गाय भरवायला हवी. माला तोवर गोठ्यात शेणाला हात लावायला कुरकुरायची, ती आता चांदीचा माज कधी येतो यावर डोळा ठेवून असायची. फाल्गुनात माज आला तर फुकट जाऊ द्यायची आणि पुढच्याची वाट बघायची. तेवढं दूध बुडायचं. आळीतल्या बायका हसायच्या, की गाय दुधासाठी ठेवली की पंचांगासाठी. पहिल्या वर्षी गाय गाभणच राहिली नाही. पुढच्या वर्षी राहिली, पण संक्रांतीला चार दिवस बाकी असताना मोकळी झाली. वासरू झकास होतं, कपाळावर आईसारखाच टिळा. मालाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या पुढच्या वर्षी चांदी आजारी निघाली.

मी तिला रागावले. म्हटलं, तू शिकलेली आहेस, काय खूळ घेतलंस हे? तेव्हा तिने मला सरळ सांगितलं.

"अनु, तो दिवस नुसता मरणाचा राहून गेला. छायाच्या डोक्यात संक्रांत म्हटलं का तेवढंच येते. उद्या ती लग्न करून जाईन, तिकडची संक्रांत करन. पण माह्या घरी, त्या बगीच्यात, तिले एकदा त्या दिवशी हसतानी पाह्यची आहे मले. एकदाच पाह्यजे. मंग गेला सण तं गेला."

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर छायाचं लग्न ठरलं, बैतूलला, वैशाखातलं. म्हणजे हाती एकच संक्रांत होती. चांदी गाभण होती, आणि चैत्रातलीच होती. मालाने मला निरोप धाडला, या वर्षी वांगी घेऊन ये. वांगी एवढंच म्हटलं होतं तिने, पण मला कळलं, ती बगीच्यात रोडगे करायचे म्हणत होती.

मी आदल्या दिवशीच सौंसर गाठलं. मास्तर आणि पोरं सकाळच्या बसने यायची होती. चांदीची कास भरून आली होती आणि कंबर खाली बसली होती. भिवाजी म्हणाला, आज नाही, उद्या. मालाने देवापाशी दिवा लावला नाही, की नवस बोलली नाही. संध्याकाळभर गोठा झाडत राहिली. पंचफुलाबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या.

संक्रांतीला उजाडता उजाडता चांदीला कळा सुरू झाल्या. माला धावत आत आली, मला उठवलं, आणि तिच्या तोंडावर इतक्या वर्षांनी मी ते जुनं हसू पाहिलं. छाया बादलीत गरम पाणी घेऊन दाराशी उभी. ऊन गोठ्याच्या छपरावर आलं तरी गाय नुसती उठबस करत होती. पाय दिसले ते मागचे. भिवाजीचं तोंड उतरलं. त्याने अस्तन्या वर केल्या, तेल लावलं, आणि आम्ही दोघींनी गाय धरली. ढोरांच्या डॉक्टरला बोलवायला शेजारचा माणूस सायकलवर गेला होता, पण तेवढा वेळ नव्हता. बराच वेळ गेला. शेवटी वासरू आलं. गोऱ्हा होता, मोठा, पूर्ण वाढीचा.

तो हलला नाही. भिवाजीने नाकातोंडातला चिकटा काढला, गोणपाटाने अंग घासलं, मागचे पाय धरून उलटा लोंबकळवला, नाकपुडीत फुंकर घातली, कानात पाणी सोडलं. पुन्हा घासलं. मग त्याने हात काढून घेतले आणि मालाकडे न बघता म्हणाला, "नाही, बाई. पोटातच गेलं."

माला तिथेच शेणात बसली. रडली नाही. छाया बादली तशीच धरून उभी होती. चांदी मान वळवून वासराला चाटायला लागली, आणि तिला कोणी अडवलं नाही.

तेवढ्यात पंचफुलाबाई काठी टेकत आल्या. खाली बसल्या. गाय चाटत होती तिच्या बाजूला हात सरकवून त्यांनी वासराच्या बरगड्यांवर पंजा ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. मला वाटलं, आता ही म्हणणार, सांगितलं नव्हतं का. ती तसं बोलली असती तर मी काय बोलले असते, ते माझं मलाच ठाऊक.

"श्वास घेतला त्यानं," म्हातारी म्हणाली. "मले हाताले लागला. जन्मलं, अन् मंग गेलं."

भिवाजीने तर सगळे उपाय आपल्या हातांनी केले होते. पंचफुलाबाईंनी आम्हा एकेकाकडे पाहिलं, त्याच्याकडे सगळ्यात जास्त वेळ.

माला म्हणाली, "आत्याबाई, नका. माह्यासाठी खोटं नका बोलू."

"तुह्यासाठी कायले बोलू?" म्हातारीने काठीवर भार टाकला आणि उठली. "आज संक्रांतीले गाय व्याली आपल्या घरी. छाये, कणीक काढ."

मास्तर आणि पोरं आली तेव्हा आम्ही सगळे बगीच्यात निघालो. भिवाजीने वासरू गोणपाटात गुंडाळून बैलगाडीत घेतलं, त्याच गाडीत मागे परात, पातेली आणि माझी वांगी. बगीच्याच्या कोपऱ्यात त्याने खड्डा खणला. मी आणि माला रोडगे वळत होतो आणि कुदळीचे घाव ऐकू येत होते. आम्ही तिखटावरून भांडलो नाही. मी म्हटलं, घाल तुला हवं तेवढं, आणि तिने घातलं.

जेवणं झाली. मास्तरांना दोनच रोडगे गेले. पोरं आता मोठी झाली होती, संत्र्यांना हात न लावता जेवली. पण नंतर माझ्या मोठ्याने झाडावर चढून संत्रं छायाच्या डोक्यावर टाकलं, आणि छाया हसली. अगदी मोठ्याने, आईसारखी. माला ताट हातात घेऊन उभी होती ती तशीच राहिली. मग ताट खाली टाकून ती त्या झाडाकडे पळाली.

पंचफुलाबाई सतरंजीवर एकट्या होत्या. पुढ्यातला रोडगा तसाच होता. मी त्यांच्या जवळ जाऊन बसले. सात वर्षं ज्या बाईला मी दगड म्हटलं तिला काय बोलावं ते सुचेना, तरी मला मनापासून वाटलं ते मी बोलले. म्हटलं, मावशी, तुम्ही मोठं मन केलंत. तुमच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदा ऐकलं, पण असलं खोटं देवही माफ करील.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं बोलणं कळलंच नव्हतं.

"खोटं कोन बोललं?" त्या म्हणाल्या. "मुकुंदाले घरी आनलं तवा त्याच्या छातीवर असाच हात ठेवला होता मी. असाच लागला होता श्वास. सांगून राहिली होती मी सगळ्यायले, अन् तुम्ही दोघीयनं मले दंडाले धरून बाजूले नेलं."

मग त्यांनी रोडगा मोडला आणि एक घास तोंडात घातला.

झाडाखालून माला मला हाका मारत होती, अनु, ये ना व, ही वरची गोड आहेत. तिचं हसणं साऱ्या बगीच्यात ऐकू येत होतं. मला सतरंजीवरून उठवेना.