काटा खालीच होता

वादळाच्या आदल्या दिवशी घड्याळजींनी दुकान बंद करताना एकच वस्तू घरी आणली : एका गिऱ्हाइकाचं वायुदाबमापक. हवेचा दाब दाखवणारा त्याचा काटा दिवसभरात इतका घसरला होता की त्यांनी सरळ त्याला ‘बिघडलेले’ अशी चिठ्ठी बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते, त्यांची बहीण आणि मुलगी स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या बोळात गाद्या टेकवून बसले होते. बाहेर वारा नुसता थैमान घालत होता. मुलीला आत्या ‘पिपाणी’ म्हणायची. गेल्या वर्षीपर्यंत मुखदुर्बळ असलेली ही पोर वक्तृत्वस्पर्धा जिंकल्यापासून बोलायची थांबतच नव्हती. सकाळपासून तिनं वादळाची इत्थंभूत माहिती ऐकवून दोघांचे कान किटवले होते.

आणि एकदम वारा पडला. फटीतून चक्क ऊन आत आलं.

घड्याळजींनी चपला शोधल्या. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरची एक कडी सैल होती आणि आत लोकांची तीस घड्याळं. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, म्हणाले. पिपाणी दारात आडवी उभी राहिली. हा वादळाचा डोळा आहे, वारा आता उलट्या बाजूनं येणार, असं तिनं बजावलं. भाषण स्पर्धेत कर, असं म्हणून त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

पिपाणीच्या मनात आलं : बाबा अर्ध्या गल्लीत असताना वारा फिरला तर? ओरडून ते ऐकणार नव्हते. तिनं धावत जाऊन यंत्र आणलं.

“बाबा, काटा अजून तळाला आहे.”

“बिघडलंय ते.”

“तपासलंत? की न उघडताच चिठ्ठी बांधलीत?”

आत्या फिस्सकन हसली. घड्याळजींच्या हे वर्मी लागलं. तीस वर्षांत त्यांच्या कामावर असं कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते तिथंच फतकल मारून बसले. यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी फुगवून तोंड आवळलं आणि दाबली. काटा टुणकन वर. सोडली, काटा पुन्हा तळाला. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चारदा तसंच केलं.

“यंत्र ठणठणीत आहे,” ते पुटपुटले. मग त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे...”

म्हणजे काय ते वाऱ्यानंच सांगितलं. यावेळी तो मागच्या बाजूनं आला. तिघं बोळात पळाले, तोवर कुणाच्या तरी छपराचा पत्रा गल्लीतून खणखणत कोपऱ्याकडे गेला. घड्याळजींनी निमूटपणे चपला काढल्या.

संध्याकाळी काटा वर चढला आणि वाराही ओसरला. ते पुन्हा उठले, पण लेकीनं खिडकीतून बोट दाखवलं : गल्लीत साचलेल्या पाण्यात विजेची तार पडली होती. यावेळी मात्र कुणी वाद घातला नाही.

सकाळी लाइनमननं तार काढली, तेव्हा तिघं दुकानात गेले. शटरला पोचा पडला होता, पण आत तीसही घड्याळं आपापली वेळ दाखवत टिकटिकत होती. घड्याळजींनी यंत्राची चिठ्ठी सोडली आणि फाडणार, तोच आत्यानं ती हिसकावून भावाच्या सदऱ्याच्या गुंडीला बांधली.

पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांनी ती काढली नाही.